जिरावनची खाज आणि बाबांची वही

रात्री दोन-अडीचच्या सुमाराला टप्-टप्-टप् असा आवाज यायचा. कुत्रा बसून मागच्या पायानं मान खाजवतो तेव्हा त्याचं ढोपर फरशीवर आपटतं, त्याचा. दोन मिनिटं शांतता, मग चाटण्याचा चप्-चप् आवाज, आणि परत टप्-टप्. ऑगस्ट २०२३ ते पुढच्या फेब्रुवारीपर्यंत आमच्या घरात सलग सहा तास कुणी झोपलं असेल असं मला वाटत नाही.

जिरावन हा आमचा गल्लीतलाच. २०२१च्या पावसाळ्यात लोकमान्यनगरात आमच्या घराजवळच्या एका बंद दुकानाच्या पायरीखाली कुत्री व्याली होती, त्या चार पिल्लांतला एक. रंग थेट पोह्यांवर भुरभुरतात त्या मसाल्याचा, म्हणून नाव जिरावन. इंदूरबाहेरच्या नातेवाइकांना हे नाव समजावून सांगावं लागतं, इंदूरच्या माणसाला नाही. वजन एकोणीस किलो, स्वभावानं भित्रा, आणि दोन वर्षांचा होईपर्यंत अंगावर एक चट्टाही नाही.

सुरुवात पंजांपासून झाली. पुढचे दोन्ही पंजे सारखे चाटायचा. पांढऱ्या केसांवर गंजासारखा तांबूस डाग पडला. तो लाळेमुळे पडतो हे नंतर कळलं, तेव्हा मला वाटलं कुठे रंगात पाय घातला असेल. मग काखा, मग पोट, मग कान. पोटाची कातडी हळूहळू काळपट आणि जाड झाली, हत्तीच्या कातडीसारखी. आणि वास! ओलं गोणपाट आठवडाभर कोपऱ्यात पडून राहावं तसा कुबट. आंघोळ घातली की एक दिवस बरं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

गल्लीनं निदान लगेच करून टाकलं. लूत. "लूत भरलीय तुमच्या कुत्र्याला, मुलांना लांब ठेवा." बागेत एक गृहस्थ मला म्हणाले की देशातल्या सगळ्यात स्वच्छ शहरात असं कुत्रं घेऊन फिरणं बरं दिसत नाही. स्वच्छतेचा पहिला नंबर इंदूरला २०१७पासून मिळत आलाय, पण तो कुत्र्यांच्या अंगावर मोजतात हे मला नवीन होतं.

घरातले उपाय आधी झाले. कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं आंघोळ. हळद. मग बाबांनी खोबरेल तेलात कापूर घालून ते चोळलं, कारण त्यांच्या लहानपणी खरजेला तेच लावत. जिरावननं ते तेल लगेच चाटलं आणि रात्रभर ओकत राहिला. कापूर हा कुत्र्यांना विषच, हे आम्हाला पुढे डॉक्टरांनी सांगितलं. एका गॅरेजवाल्यानं गाडीचं जळकं काळं तेल लावायला सांगितलं होतं. भटक्या कुत्र्यांना लोक ते सर्रास फासतात. एवढा मूर्खपणा मात्र आम्ही केला नाही. कातडीतून ते आत जातं, शिवाय कुत्रा ते चाटतोच.

घराजवळच्या एका दवाखान्यात गेलो. तिथे तीन मिनिटांत इंजेक्शन. आणि चमत्कार झाला! त्या रात्री टप्-टप् नाही. दुसऱ्या रात्री नाही. आई म्हणाली, "बघ, आधीच नेलं असतं तर." सतराव्या दिवशी पुन्हा सुरू. पुन्हा इंजेक्शन, या वेळी बारा दिवस. तिसऱ्या वेळी जेमतेम आठवडा. प्रत्येक वेळी मी विचारायची, कशाचं आहे, आणि प्रत्येक वेळी उत्तर एकच, "अ‍ॅलर्जी का है." कशाची, हे विचारायला माझ्यामागे उभी असलेली रांग सवड देत नसे. दरम्यान जिरावन पाण्याचं भांडं दिवसातून चारदा रिकामं करू लागला. आयुष्यात कधी घरात घाण न केलेला हा कुत्रा देवघरासमोर उभ्या उभ्या मुतला आणि स्वतःच ओशाळून पलंगाखाली जाऊन बसला. भूक राक्षसासारखी. हे सगळं त्या सुईतल्या स्टेरॉइडमुळे. स्टेरॉइड वाईट औषध नाही, त्याला त्याची जागा आहे. पण कारण न शोधता पुन्हा पुन्हा टोचलं की ते फक्त आवाज बंद करतं. आणि लांब मुदतीचं इंजेक्शन एकदा दिलं की ते परत काढून घेता येत नाही. गोळी निदान कमी कमी करत बंद करता येते.

फेब्रुवारी २०२४मध्ये एका मैत्रिणीनं सांगितलं, महूला ने. महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५५पासूनचं, इंदूरपासून वीस-बावीस किलोमीटर, राऊ ओलांडलं की पुढे. मला त्याचं नाव लहानपणापासून माहीत होतं, पण तिथे म्हशी नेतात अशी माझी समजूत होती. म्हशी होत्याच. एक बैल, दोन शेळ्या आणि मध्ये आमचा जिरावन, बाबांच्या पायांत घुसून बसलेला.

तिथल्या डॉक्टरबाईंनी आधी वीस मिनिटं नुसतं विचारलं. कितव्या वर्षी सुरू झालं, कुठून, बारा महिने आहे की ऋतूप्रमाणे, घरात आणखी कुणाला खाज आहे का, खायला काय देता. मग म्हणाल्या, "दस में से कितने नंबर की खुजली है?" आम्ही एकमेकांकडे पाहिलं. शून्य म्हणजे नेहमीच्या कुत्र्याइतकं खाजवणं, दहा म्हणजे खाताना, खेळताना, झोपेतसुद्धा न थांबणारं. बाबा म्हणाले, "आठ." मी म्हणाले, "नऊ." "रोज लिखिए," त्या म्हणाल्या.

इथे बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा स्टेट बँक ऑफ इंदौरमधून निवृत्त झाले. बँक २०१०मध्ये स्टेट बँकेत विलीन झाली, बाबा अजून झालेले नाहीत. दुधाचा, विजेचा, औषधांचा, सगळ्याचा हिशेब वहीत. त्यांना कुणी "रोज लिहा" म्हणणं म्हणजे पदक देण्यासारखं. परतताना राऊला गाडी थांबवायला लावून त्यांनी नवी वही घेतली. तारीख, सकाळचा आकडा, रात्रीचा आकडा, खाणं, औषध, शेरा.

तपासणी मात्र मी जन्मात विसरणार नाही, इतकी साधी होती. दाट दातांची फणी फिरवून निघालेला कचरा ओल्या कापसावर टाकला. काळे कण असतात, त्यांच्याभोवती तांबडा रंग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे कुत्र्याचंच पचलेलं रक्त. तसे चार-पाच कण निघाले. पिसू एकही दिसली नव्हती आम्हाला! मग कानाची कड दोन बोटांत चोळून मागचा पाय हलतो का पाहिलं, खरजेच्या किड्यात तो हलतो. मग बोथट पातं तेलात बुडवून कातडी खरवडली, अगदी रक्त जेमतेम पाझरेपर्यंत, कारण एक जातीचा किडा केसांच्या मुळाशी खोल राहतो. शेवटी साधी पारदर्शक चिकटपट्टी पोटाला लावून उचलली, निळ्या रंगात बुडवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली.

त्यांनी मलाही बघायला दिलं. किडा नव्हता. पण सगळीकडे भुईमुगाच्या शेंगेच्या आकाराचे निळे ठिपके विखुरलेले. यीस्ट, म्हणजे बुरशीच एक प्रकारची. आणि त्यांच्यामध्ये बारीक गोल जंतूंचे पुंजके. तो कुबट वास ह्यांचा होता. सहा महिन्यांत पहिल्यांदा मला कशाचं तरी तोंड दिसलं.

पण बाईंनी तिथेच आमचा उत्साह आवरला. हे जंतू आणि ही बुरशी निरोगी कातडीवरही थोडी असतेच. ती माजलीय, कारण कातडी आधीच बिघडलेली आहे. का बिघडली, ते हे सगळं साफ केल्याशिवाय दिसणार नाही. खाज एकावर एक साचते. पिसवा थोड्या, जंतू थोडे, बुरशी थोडी, तळाशी अ‍ॅलर्जी. एकेक थर काढायचा आणि आकडा किती उतरतो ते बघायचं.

पहिला थर. महिनाभर दर बारा तासांनी अँटिबायोटिकची गोळी. खाज कमी झाली तरी मधेच सोडायची नाही, ही तंबी. आठवड्यातून दोनदा औषधी शाम्पू, जंतूंवरचं क्लोरहेक्सिडीन आणि बुरशीवरचं कीटोकोनॅझोल असलेला. तो अंगावर दहा मिनिटं राहायला हवा, नाहीतर पैसे मोरीत. फेस लावलेल्या कुत्र्याला दहा मिनिटं धरून बसणं काय असतं, ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत. शेवटी उपाय निघाला आईकडून. तिचं रोजचं एक स्तोत्र आहे, सावकाश म्हटलं की बरोबर दहा मिनिटं होतात. ती मोरीच्या दारात स्टूल टाकून बसायची आणि म्हणायची. जिरावन तिच्याकडे बघत निमूट उभा राहायचा. फलश्रुती आली की पाणी ओतायचं. पुढे पुढे फलश्रुतीच्या आधीच तो अंग झटकायच्या तयारीत असे.

पिसवांचं औषध महिन्यातून एकदा. पण फक्त कुत्र्याला देऊन भागत नाही. अंगावर दिसतात त्या पिसवा म्हणजे शेकडा पाच, बाकी अंडी, अळ्या आणि कोश सतरंजीत, सोफ्याच्या फटीत, पलंगाखाली. कोशात त्या महिनोन् महिने तग धरतात. आम्ही सगळी पांघरुणं उकळत्या पाण्यात काढली आणि बाबांची चाळीस वर्षांची आवडती आरामखुर्ची, जिच्या कापडात काय काय असेल देव जाणे, गच्चीवर उन्हात टाकली. ती तिथून खाली आलेली नाही.

महिनाभरानं वास गेला. पोटावरचा काळेपणा फिकटला. वहीत आकडा आठवरून पाचवर उतरला. आणि तिथे अडकला. पाच, पाच, पाच, साडेपाच, पाच.

आता दुसरा थर, खाण्याची अ‍ॅलर्जी आहे का ते बघण्याचा, आणि खरी परीक्षा. आठ आठवडे असं खाणं द्यायचं, की ज्यातला प्रथिनांचा पदार्थ त्यानं जन्मात खाल्लेला नाही. दुसरा एक कणही नाही. रक्त तपासून खाण्याची अ‍ॅलर्जी कळत नाही का, मी विचारलं. तशा चाचण्या विकतात, पण भरवशाच्या नाहीत, असं उत्तर मिळालं. आठच आठवडे का? कारण पाच आठवड्यांत ऐंशी टक्क्यांहून जास्त कुत्र्यांना उतार पडतो, आठपर्यंत नव्वदहून जास्त. आकडे ऐकून बाबांनी मान डोलावली. ते त्यांना पटण्यासारखं होतं.

मग प्रश्न आला, यानं काय खाल्लेलं नाही? दूध-पोळी, दही-भात, पनीर, पेढा, बिस्किटं, बाजारचे चिकनचे कोरडे दाणे, हे सगळं झालेलं. खास तयार केलेलं पथ्याचं खाणं मिळतं, प्रथिनांचे बारीक तुकडे करून बनवलेलं, पण त्याच्या एका पोत्याची किंमत ऐकून मी फोन ठेवला. उरलं बोकडाचं मटण आणि रताळं.

आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. आई म्हणाली, "माझ्या ओट्यावर बोकड शिजणार नाही. मग कुत्रा राहो की न राहो." दोन मिनिटांनी म्हणाली, "शेजारच्या काकूंना विचार." शेजारच्या काकू मराठा, रविवारी त्यांच्या खिडकीतून येणाऱ्या वासावर जिरावन अडीच वर्षं ध्यान लावून बसलेला. त्यांनी लगेच होकार दिला. रोज बिनचरबीचं अडीचशे ग्रॅम मटण, त्याच्या दुप्पट उकडलेलं रताळं, दोन वेळा विभागून. मीठ नाही, तेल नाही, कांदा-लसूण तर अजिबात नाही, ते कुत्र्याला घातक. काकूंचे हात थरथरायचे. "अगं, निदान चिमूटभर हळद?" नाही काकू. "असं बिनमसाल्याचं मटण मी पहिल्यांदाच शिजवतेय, माझ्या सासूनं बघितलं असतं तर!" असं अपुरं जेवण कायमचं द्यायचं नसतं, पण मोठ्या कुत्र्याला दोन महिने चालतं.

एक बारकावा बाईंनी सांगितला नसता तर आम्ही फसलो असतो. पिसवांची चघळायची गोळी मांसाच्या चवीची असते. म्हणजे तेही खाणंच! म्हणून त्या दोन महिन्यांत मानेवर सोडायचे थेंब घेतले. गोळ्या पेढ्यात लपवून द्यायची आमची जुनी युक्तीही बंद. रताळ्याच्या गोळ्यात लपवायच्या.

३ मार्चला सुरुवात झाली. चौथ्या आठवड्यात वहीत तीन लिहिलेलं दिसू लागलं. मी महिन्याभराची झोप एका रात्रीत काढली.

३० मार्चला रंगपंचमी. इंदूरची गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, काय असते ते इंदूरकरांना सांगायला नको. राजवाड्यावर पाण्याच्या तोफा, आभाळभर गुलाल. मी मैत्रिणींबरोबर गेले, आई भजनी मंडळात. बाबा आणि जिरावन घरी. संध्याकाळी परत आले तेव्हा सगळं ठीक होतं. दोन दिवसांनी रात्री टप्-टप्. सकाळी कान लाल. मला काही सुचेना. काकूंना विचारलं, त्या शपथेवर म्हणाल्या, हळदसुद्धा नाही. वही उघडली. १ एप्रिल, पाच. २ एप्रिल, सहा. आणि त्याखाली, बाबांच्या त्या शाळकरी वळणदार अक्षरात, आदल्या नोंदीपेक्षा जरा बारीक:

"दि. ३० मार्च. दूध-पोळी, अर्धी वाटी. फटाक्यांना व भोंग्यांना घाबरून थरथरत होता. चूक माझी."

मी काही बोलले नाही. बाबा पेपर वाचत होते, म्हणजे समोर धरून बसले होते. नंतर म्हणाले, "चार आठवडे बुडाले ना?" मी म्हणाले, "बुडाले." खोटी नोंद करायची, किंवा नोंदच करायची नाही, हा मार्ग त्यांना मोकळा होता. मी तो घेतला असता. मी ते कबूल करते.

३ एप्रिलपासून पुन्हा पहिला दिवस. काकूंनी कुरकूर न करता पुन्हा पातेलं चढवलं. खाटीक मला नावानं ओळखू लागला, आणि आमच्या आडनावाची बाई रोज मटण नेते याचं त्याला वाटणारं कौतुक लपत नसे. आईनं पाहुण्यांसाठी दारावर हिंदीत पाटी लावली, कुत्ते को कुछ भी न खिलाएँ. मे महिन्याच्या शेवटी आकडा दोन.

आता एकेक जुना पदार्थ परत द्यायचा, प्रत्येकाला दोन आठवडे, आणि वाट बघायची. लोक हे करत नाहीत. कुत्रा बरा झाला की कुणाला उकरून काढावंसं वाटतं? मलाही वाटत नव्हतं. पण नाही केलं तर नक्की काय बाधतं ते कळत नाही, आणि जन्मभर सगळंच टाळावं लागतं. पहिली पोळी, कोरडी, तूप न लावता. चौदा दिवस, काही नाही. बाबा लहान मुलासारखे खूश. मग दूध. तिसऱ्या दिवशी कान लाल, चौथ्या दिवशी सहा. बंद केलं, दहा दिवसांत परत दोन. चिकनला काही झालं नाही, तेव्हा मटण थांबलं आणि कोरडे दाणे परत आले. त्यांना आईची हरकत नसते, कारण त्यांच्याकडे बघून काहीच ओळखू येत नाही. फक्त पाकिटावर दुधाची भुकटी लिहिलेली नाही ना, ते बघून घेते.

दूध! ज्याला आपण कुत्र्याचं पहिलं खाणं समजतो तेच. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात खाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या २९७ कुत्र्यांचा हिशेब मी नंतर वाचला. गोमांस ३४ टक्के, दुधाचे पदार्थ १७, चिकन १५, गहू १३. बाबांनी तो वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतला.

सगळं मिटलं असं मात्र नाही. ऑगस्टमध्ये पाऊस लागून राहिला आणि पंजे पुन्हा चाटायला लागला. दूध नाही, वहीत काही नाही, तरी आकडा पाच. महूच्या बाईंना आश्चर्य वाटलं नाही. तळाशी आणखी एक थर आहे म्हणाल्या. हवेतलं, धुळीतलं, गवतातलं काहीतरी. असल्या कुत्र्यांना दोन्ही अ‍ॅलर्जी बऱ्याचदा बरोबरच असतात. ही बरी होत नाही, आवरून धरायची. त्यासाठी ऑक्लॅसिटिनिब नावाची गोळी, चौदा दिवस दोनदा, मग एकदा. ती खाजेचा निरोपच अडवते आणि स्टेरॉइडसारखी तहान लावत नाही. महाग आहे, म्हणून आम्ही पावसाळ्यापुरती देतो. बाकी वर्षभर फिरून आला की पंजे ओल्या फडक्यानं पुसून, बोटांच्या मध्ये कोरडे करायचे. आठवड्याला एकदा शाम्पू आणि स्तोत्र. दर महिन्याला पिसवांचं औषध, हिवाळ्यातही.

बाबांची आता तिसरी वही चालू आहे. सकाळी दुधावरची साय काढून ती अर्धी जिरावनच्या ताटलीत टाकायची, हा त्यांचा अडीच वर्षांचा नेम होता. आता ते सगळी साय स्वतःच खातात, आणि आईनं त्यांच्या कोलेस्टेरॉलची वेगळी वही घातली आहे.